पहिल्या हाकेची गोष्ट

बुलढाणा,
२ डिसेंबर २०२३

प्रिय अनुताई,

छकुलीला पापा. तुम्ही दोघी बऱ्या असाल असं धरून लिहिते. फोन भाऊजी उचलतात, म्हणून पत्र. मंजुळामावशी तुमच्या लोणारच्या बाजाराला भाजी नेते, तिच्या हाती देईन.

मी इथल्या बालवाडीत लागले आहे. गावाकडे आईचे गुडघे पुन्हा दुखतात. दिवाळीला तू आली नाहीस; बाबांनी तुझी साडी पेटीत ठेवली आहे.

आमच्या मोठ्या बाईंनी सांगितलं, पशुपक्ष्यांच्या जुन्या जोड्यांच्या गोष्टी आजच्या मुलांसाठी नव्याने रचा. मी काऊ-चिऊ घेतले. घर वाहून गेलेला काऊ दारात भिजतो आणि चिऊ आतून एकेक काम सांगत त्याला थांबवते, हे मला नको होतं. माझ्या गोष्टीत ती पहिल्याच हाकेला दार उघडते.

ऋत्विक नावाचा पोरगा म्हणाला, "मॅडम, मंग गोष्ट तं सरलीच."

"सरू दे."

"पण पयले चिऊ दार काहून नव्हती उघडत?"

"कामात होती," मी म्हटलं. मुलांना ते पटलं. मला मात्र पुढे शिकवता आलं नाही.

ताई, वैशाखात तू आलीस तेव्हा घरात गर्दी होती, असं मी स्वतःला सांगत आले. गर्दी नव्हती. मला बघायला पाहुणे यायचे होते, एवढंच. आई आत पोहे भिजवत होती. मी दारातच म्हटलं, "ताई, पाहुणे जाऊ दे, मंग ये. तुले अशी पाह्यली तं इचारतीन."

तू "हाव" म्हणालीस आणि छकुलीला घेऊन स्टँडकडे वळलीस. तू आली होतीस, हे आईबाबांना अजून माहीत नाही.

'अशी' म्हणाले, म्हणजे मला दिसलं होतं. पदराखालचा तुझा हात सुजलेला होता. कॉलेजात बायकांच्या हक्कांवर बोलून बक्षीस आणणारी मी.

पाहुण्यांनी विचारलं, "मोठी पोरगी कशी हाये?" बाबांच्या आधी मीच बोलले, "सुखात आहे."

ते गेल्यावर मी धावत स्टँडवर गेले. लोणारची गाडी निघून गेली होती. पुढे त्यांचा होकार आला, मी नाही म्हटलं. का, ते कोणाला सांगितलं नाही.

इथं मी एक खोली घेतली आहे, स्टँडपासून जवळ. पत्ता मागे लिहिलाय. मी शाळेत असले तर किल्ली शेजारच्या मनकर्णाबाईंकडे असते. त्या काही विचारणार नाहीत, तसं बोलून ठेवलंय. दिवसा-रात्री कधीही ये, न कळवता ये. पत्ता पाठ झाला की पत्र फाडून टाक.

तुला दारातून परत पाठवणारी,
तुझीच धाकटी
प्रेरणा