महेश्वरपर्यंतची ट्रायल

इंदूर,
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. निदान फाडायच्या आधी तरी वाचशील. आम्ही सगळे बरे आहोत. वहिनीला नमस्कार, छोटीला माझा एक पापा.

काल आईबाबांबरोबर महेश्वर पाहून आले. पाहून कसलं, जाऊन आले! बाबांनी आठवडाभर डोकं खाल्लं होतं, नर्मदा पाहायची म्हणून. इथला लालबाग पाहायला चला म्हटलं की ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना एकदम फिरायची हौस. आणि गाडी तेच चालवणार. मी चालवते म्हटलं तर, "फौजेत वीस साल ट्रक चालवला मी. तू मला काय शिकवून राहिली?"

मी मागे बसले. पुढे आई, आणि घरून निघाल्यापासून तिच्या तोंडाला खंड नाही. "अहो, बस! ट्रक! गड्ढा आला, गड्ढा!" मानपूरच्या घाटात तर विचारूच नकोस. माझं डोकं उठलं. "आई, चालवू दे ना त्यांना!" असं मी दोनदा ओरडले. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. आणि एरवी आईने चष्मा पुसा म्हटलं तरी भडकणारे बाबा सगळं मुकाट ऐकत होते.

महेश्वरला पोचलो. आई फुलं घ्यायला उतरली आणि बाबा गाडी लावायला पुढे गेले, सरळ नदीच्या घाटाच्या दिशेने. समोर पायऱ्या. मी किंचाळले, "बस, बस, बस!"

म्हणजे थांबा. पण बाबांना वाटलं, मागून बस आली. तिला जागा द्यायला त्यांनी गाडी आणखी पुढे घेतली आणि पुढचं चाक पायरीवरून खाली गेलं. दादा, खाली बायका कपडे धूत होत्या. कुणाला लागलं नाही. नाववाल्यांनी मिळून गाडी मागे ओढली, वर "काय भिया, सीधे नर्मदाजीत?" हेही ऐकवलं.

बाबा उतरले आणि इकडेतिकडे पाहत त्यांनी मला विचारलं, "बस कुठे गेली?"

तेव्हा कळलं. मागचा बोळ पूर्ण मोकळा होता.

ना किल्ला पाहिला, ना नावेत बसलो. आईसाठी साडी घ्यायची होती, तीही राहिली. येताना गाडी मी चालवली आणि आई मागे रडत होती. दिवाळीपासून बाबांना काचबिंदू आहे. कडेचं काही दिसत नाही. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही असं बजावलंय. आईला सगळं ठाऊक होतं, म्हणून तर वाटभर ओरडत होती. मला सांगायचं नाही अशी शपथ बाबांनी घातली होती तिला. इतका राग आला मला, दोघांचाही!

आणि महेश्वर कशाला, तर ट्रायल. तिथवर नीट गेले तर पुढच्या महिन्यात नागपूर. तुझ्याकडे. छोटी चालायला लागली हे त्यांना माझ्याच फोनमधून कळलं होतं, वहिनीने पाठवलेल्या व्हिडिओत.

सरकारी नोकरी सोडलीस म्हणून ते तुला "परत तोंड दाखवू नको" म्हणाले, ते मी विसरलेले नाही. चूक त्यांचीच. पण तूही त्यांचाच मुलगा, तसाच अडेल. तुमच्या दोघांच्या मध्ये मी किती वर्षं निरोप पोचवू?

मी म्हटलं, "बाबा, नागपूरला ट्रेन जाते. मी घेऊन जाते तुम्हाला." तर म्हणाले, "ट्रेनने गेलो अन् त्याने दार नाही उघडलं, तर तुझ्या आईला घेऊन स्टेशनवर बसू काय? आपली गाडी असली की तिथूनच वापस वळता येतं."

गाडीची चाबी मी लपवली आहे. ते शोधतील.

माफी मागू नकोस, त्यांनाही मागायला लावू नकोस. दार उघडशील, एवढंच कळव. तिकिटं मी काढते.

तुम्हा दोघांनाही कंटाळलेली, तरी तुमचीच,
संबोधी