टोचलेल्यांची झोपडी

५ मार्च १७७८

टोचलं एकदाचं! डॉक्टरसाहेबांनी दंडावर चीर पाडली, देवी आलेल्या कुणाच्या तरी फोडाच्या पुवात भिजवलेला दोरा आत ठेवला, वर पट्टी. झालं. थेट सेनापतींचा हुकूम — या स्वातंत्र्याच्या लढाईत इंग्रजांपेक्षा देवीच जास्त शिपाई नेताहेत; टोचून हलक्या आल्या की पुन्हा येत नाहीत म्हणे. बरे होईपर्यंत आम्ही छावणीपासून लांब, या वेगळ्या झोपडीत. दाराशी पहारा.

केझियाचा निरोप आला — मुलगी झाली! देवा, एकदा तिला पाहू दे. मग लढाईत काय व्हायचं ते होवो.

१४ मार्च

ताप. कंबर मोडून आलीय. शेजारच्या बिछान्यावरचा झेनास स्वतः फणफणलेला, तरी उठून मला पाणी पाजतो. "मरू नकोस रे बाबा! तुझी भाकरीपण मला खावी लागेल, आणि माझे दात आधीच हललेत." देव त्याचं भलं करो.

१६ मार्च

फोड आले — अगदी थोडे! वाचलो.

२४ मार्च

ताप उतरला. खपल्या धरल्यात. आज सूपमध्ये खरोखरची कोंबडी होती! कुणी पाठवली कळेना. ज्याने पाठवली त्याच्या घरी काही कमी पडू नये.

२७ मार्च

केझिया आली! मामांच्या गाडीतून, एवढ्या चिखलातून, बाळाला शालीत गुंडाळून. पहाऱ्यावर डर्मटकाका होते. मी म्हटलं, "काका, लांबूनच बघतो."

"लांबून काय बघतोस, गाढवा? तू काय खरा आजारी आहेस? या टोचून आणलेल्या लुटुपुटूच्या देवी. जा, पण पटकन!" म्हातारा तोंडाचा फटकळ, पण मनाचा राजा.

केझिया जरा थबकली. "जवळ येऊ ना? आमच्याकडे अजून कुणालाच देवी आल्या नाहीत."

"ये गं! या काय खऱ्या आहेत?"

मग बाळ माझ्या हातात. लोइस. कपाळावर आठ्या, थेट माझ्या आईसारख्या! माझ्या हनुवटीवर मूठ आपटली, तिथली खपली तिच्या बोटांत आली. केझिया हसून म्हणाली, "आत्तापासून बापाला ओरबाडते बघा." मी पोटभर पापे घेतले. मामा घाई करायला लागले, तशी गाडी निघाली.

उपाशी राहिलो, बर्फात अनवाणी चाललो, सगळं भरून पावलं. एवढं सुख मला कशासाठी दिलंस, देवा? फार आभारी आहे.

३० मार्च

सकाळी डॉक्टरसाहेब सगळ्यांना ओरडून सांगून गेले — शेवटची खपली गळेपर्यंत कुणाला शिवायचं नाही. टोचून आल्या म्हणून आपल्याला हलक्या. आपल्यापासून दुसऱ्याला लागतात त्या खऱ्याच, पुऱ्या जोराच्या.

मी विचारलं, "तान्ह्या बाळालाही?"

ते दारातून मागे फिरले. "कुठलं बाळ?"