पाणमांजरीचं तिरकं हसू

बरबँक, ३ मार्च १९८८

चि. ऑरिन यास अ. आ.

बातमी अशी, की बावीस वर्षं कच्ची गाणी गाऊन झाल्यावर तुझ्या बहिणीला पक्कं व्हायची संधी आलीय. कार्टूनवाल्यांची रीत तुला ठाऊक आहे: आधी मी गायचं, त्यावर त्यांनी चित्रं काढायची, मग कुणी नामांकित बाई येऊन माझा आवाज पुसणार. यंदा दिग्दर्शक म्हणाला, पाणमांजर-आईची अंगाई तुमच्याच आवाजात ठेवू. पडद्यावर नाव! शेवटचं ध्वनिमुद्रण अठराला. तोवर, तालीम सोडून, गळा जपायला नेहमीचं मौन. फोन करू नकोस, उचलणार नाही.

चित्रकार डेंटन मी गाताना माझं चित्रीकरण करतो आणि ओठ न् ओठ उतरवतो. सोबत त्याचे सोळा कागद. मिशा पाणमांजरीच्या, बाकी मीच. तिच्या तिरक्या हसण्यावर दिग्दर्शक फिदा आहे. जळ थोडा.

तुझ्यावर अजून जीव असलेली,
व्हर्ना

बेकर्सफील्ड, ७ मार्च

ती. व्हर्नाताईस सा. न.

मिशा शोभतात. शाळेचा बँड शिकवून माझे कान गेले, पण डोळे शाबूत आहेत. कागदांची गड्डी करून अंगठ्यानं फडफडवली. नऊ कागद पाणमांजर नीट गाते. दहाव्यापासून तोंडाची डावी बाजू उतरते, ती पुन्हा वर येत नाही. ताई, तू तिरकं बोलतेस. तिरकं हसत कधीच नव्हतीस.

त्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आईच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून कॉफी ओघळली, तेव्हा आपण हसलो होतो. मी सगळ्यांत मोठ्यानं. आठव्या दिवशी ती उठलीच नाही.

डॉक्टरसमोरही मौन पाळ हवं तर, पण जा. चूक डेंटनची निघाली तर मी त्याची माफी मागेन.

तुझा धाकटा, आणि म्हणून घाबरट,
ऑरिन

बरबँक, १२ मार्च

चि. ऑरिन यास अ. आ.

डेंटनला चिठ्ठी लिहून विचारलं. दुखावला बिचारा. म्हणाला, मी पदरचं काही घालत नाही, दिसतं तेच काढतो. झालं समाधान?

डॉक्टरची वेळ एकोणीसची घेतलीय. आधी गेले तर तो मला इस्पितळात आडवी करेल, आणि नामांकित बाई टपलेलीच आहे. काल तालमीत ‘चांदणं’ शब्दावर जीभ तीनदा अडकली, हातातून कागद निसटला. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले! म्हणाला, असं थकलेपण कुणाला ठरवून आणता येत नाही. कालचेच नवे चार कागद सोबत.

हो, अक्षर वाकडं आलंय. आम्हा डावखुऱ्यांसाठी पेनं कुणी बनवतच नाही.

कमी काळजी, जास्त माया कर.
व्हर्ना

बेकर्सफील्ड, १४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार नंतर. पत्र आत्ता मिळालं. चौथ्या कागदात पाणमांजरीचा डावा डोळाही मिटत नाही. डेंटन इमानदार माणूस आहे.

फोन नऊ वेळा लावला. तू मौनात असलीस तरी तो वाजतच राहणार, आणि नसलीस तरीही. ओळखायचं कसं, एवढं तरी सांगून ठेवायचंस.

हे पत्र पेटीत टाकत नाही. टपालाला दोन दिवस लागतात, मला दोन तास. दार वाजवूनही उघडलं नाही तर दाराखालून सरकवीन. बोलू नकोस, गाऊ नकोस, हसूही नकोस. लोभ वगैरे समोर बसून मागेन.

फक्त दार उघड.

ऑरिन