रखमाला बोलतं करताना

४ मार्च

रखमा आज वाडीत दिसली! दुपारी डोळा लागला होता. पानवेलींच्या सावलीत उभी, पदर खोचलेला. म्हटलं, बोल. बोलेना. बोलणार काय — नव्या नाटकातले तिचे संवाद मी अजून लिहिलेच कुठे आहेत!

६ मार्च

तीस वर्षं केळव्याच्या जत्रेसाठी नाटक लिहितोय. नटी मुंबईहून यायची, प्रयोगाच्या आदल्या दिवशी. एका दिवसात पाठ होतील एवढेच संवाद तिला. चहा आणायचा, रडायचं, कोसळायचं. माझाही हात त्यावरच बसला. यंदा गावचीच पोर काम करतेय — शेजारच्या प्रतापची मुलगी हेमाली, बोईसरला कंपनीत लॅबमध्ये असते. महिनाभर तालीम! रखमाने आता हवं तेवढं बोलावं. आणि मला एक वाक्य सुचेना.

११ मार्च

तालमीत पहिला अंक वाचला. नवरा परस्पर वाडी विकतो, रखमा रडते. हेमाली थांबली. "काका, ही रडते कशाला? तिला राग आलाय ना?"

मलाच राग आला! कालची पोर मला शिकवणार! घरी येऊन रखमाचं रडणं गुपचूप खोडलं. लिहिलं — "मला विचारलंत?" आणि पुढचा प्रवेश आपसूक आला. जेवताना बायकोने, कीर्तीने, विचारलं, "काय लिवलं आज?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

१७ मार्च

दुसरा अंक माझ्या हातात राहिलाच नाही. रखमा भांडते, मध्येच हसते, नवऱ्याला वेडावते. मी बांधावर बसून नुसता ऐकतो. समुद्रावरचं वारं, सुपारीची सळसळ, आणि ती. फार सुखात आहे मी.

कीर्ती म्हणते, "झोपेत कोनाशी बोलता ओ?"

२३ मार्च

शेवट अडला. रखमा घरात राहते की जाते? दहा दिवसांवर प्रयोग! हेमाली म्हणाली, "मला काय ठाव? लगीन झालेल्या बाईला विचारा." अशी एक घरातच आहे हे ध्यानात आलं नव्हतं! कीर्ती ओटीवर पानं निवडत होती. वही पुढे ठेवली. तिने हात पुसले.

२४ मार्च

कीर्तीने चार पानं लिहिली, एकही खाडाखोड नाही! रखमा नवऱ्याला म्हणते, "तुमी वाईट नाय. पन या घरात मला कोनी कायच विचारलं नाय. मी आईकडं चालले. परत यायचं का, ते माजं मी ठरवीन." कीर्तीला म्हटलं, झकास! तिने वही मिटून माझ्या हातात दिली.

२ एप्रिल

प्रयोग रंगला! शेवटाला बायका उठून उभ्या राहिल्या. लेखक म्हणून मला हार!

३ एप्रिल

कीर्ती सकाळी चिंचणीला माहेरी गेली. पिशवी भरलेलीच होती. म्हटलं, अगं, आधी सांगायचंस तरी! पायरीवर थांबली. म्हणाली, "चार पानं लिवून दिली की. सगल्या गावाला ऐकवलीत तुमी."