चाकावरची फुली

चरोदा, ८ जानेवारी २०२४

चि. उन्नतीस भाऊरावचे अनेक आशीर्वाद.

फोन लावला का तुही आई स्पीकर चालू करते अन् सारी रेल्वे कॉलनी ऐकते, म्हणून पत्र लिहून राहिलो. तुह्या कंपनीचं छोटं विमान रोज साडेचारला आपल्या घरावरून जाते. तुही आई, अंजनाबाई, ओले कपडे बादलीत सोडून अंगणात येते अन् पदर हलवते. काल विचारत होती, वरून आपलं यार्ड कसं दिसत असन, मालगाड्या मुंग्यांवाणी दिसत असतीन का. साठीची बाई, पण झोपेतही उडूनच राहिली! वीस तारखेचं तिकीट तिनं देवाजवळ ठेवलं आहे. रायपूरले बसली का तासाभरात नागपूरले तुह्यापाशी.

मी यार्डात हातोडीनं वॅगनची चाकं ठोकून पाहायचो अन् बिघडलेल्या चाकावर तू खडूनं फुली मारायची, आठवते का? आता विमानाची चाकं तपासते माही पोरगी! मले तर हसूच येते. जेवत जाय वेळेवर.

तुहा बाबा

नागपूर, १९ जानेवारी

ती. बाबांस उन्नतीचा शि. सा. न.

आईले उद्या रायपूरले नेऊ नका, हे फोनवर सांगितलंच. आमची वनहंस कंपनी बंद झाली. परवाना गेला, दोन्ही विमानं उभी आहेत. अन् बाबा, हे माह्यामुळं झालं.

सोमवारी रात्री एका चाकाचा ब्रेक पार घासलेला दिसला. मॅनेजर म्हणाले, पार्ट नाही, ठीक लिहून सही कर, अजून आठवडा निघून जाईल. मी सही केली नाही, तर त्यांनी दुसऱ्याची घेतली. मग माह्या हातानं काय केलं असेल? चाकावर खडूची फुली! विमानाले कोणी अशी फुली मारत नाही. सगळे फिदीफिदी हसले.

सकाळी अचानक तपासणी आली. मॅनेजरनं माह्या हातात ओलं फडकं दिलं, पुसून टाक म्हणाले. मले नाही पुसवलं. तपासणीच्या साहेबांनी विचारलं फुली कोणाची, मी सांगितलं. मग त्यांनी सारी रजिस्टरं उघडली. अशा खोट्या सह्या कितीतरी निघाल्या.

ऐंशी लोक घरी बसले. माही रूममेट ललिता तिथंच कामाले होती, ती बोलतही नाही. आईचं उडणंही गेलं. पुसली असती तर बरं झालं असतं का, बाबा? लवकर लिहा, लई एकटं वाटते.

तुमची उन्नती

चरोदा, २४ जानेवारी

चि. उन्नतीस पोटभर आशीर्वाद.

यार्डातले केवलरामकाका लंगडत काहून चालतात, असं तू लहानपणी विचारायची. मी सांगायचो, झाडावरून पडले. खोटं होतं, बाई. तुह्या जन्माच्या आधी एका चाकाले मले चीर दिसली होती, मी फुली मारली होती. गाडी काढायची घाई होती. साहेबानं मलेही फडकंच दिलं होतं. मी पुसली. वॅगन यार्डाच्या तोंडावरच घसरली अन् केवलरामचा पाय तिच्याखाली सापडला. अजून रोज तो मले हात जोडून रामराम करते. त्याले माहीत नाही.

तू काही चुकली नाही. ललिताले हे पत्र वाचून दाखव.

तुही आई अजून साडेचारला अंगणात येते. आभाळ रिकामं असते, तरी उभी राहते. काल तिले सपन पडलं म्हणे, विमान आपल्या यार्डात उभं होतं, चाकावर तुही फुली होती, अन् ती खिडकीपाशी बसून निवांत शेंगा सोलत होती. हलत नव्हतं तरी लई मजा आली म्हणे.

उद्या तिले नागपूरच्या गाडीत बसवून देतो. तिथून सरळ केवलरामच्या घरी जाईन. फडक्याचं सांगाले.

माया राहू दे, पोरी.

तुहा बाबा