अक्काचा पत्ता, नेट बंद असताना

उज्जैन, मंगळवार

ती. अक्कास विजूचा वाकून नमस्कार (जमेल तेवढं वाकून).

इकडे सर्व ठीक. तुझा गुडघा पुण्यातल्या जिन्यांशी जुळवून घेतो आहे ना? तुला जाऊन तीन महिने झाले, पण मला करमत नाही वगैरे अजिबात नाही. शिवाय तुझ्या लेकीने मला कामाला लावलं आहे.

श्रुतीने आपल्या इथल्या मराठी मंडळासाठी ॲप केलं ना, ते तपासायचं. मोठं मजेचं प्रकरण आहे, अक्का. आधी वेबसाइट म्हणून उघडायची, 'होम स्क्रीनवर ठेवा' म्हटलं की तीच मुकाट्याने ॲप होऊन बसते. एक यंत्र तिला शंभरापैकी गुणही देतं. वाचायला सोपी: चौऱ्याण्णव; वेग: बासष्ट. (मला आपल्या शाळेतल्या सिस्टर ॲग्नेसचा लाल शेरा आठवला, 'कॅन डू बेटर'.) पण श्रुती म्हणाली, "मावशी, यंत्राला मोतीबिंदू नसतो. तूच बघ."

म्हणून माझा जुनाच फोन घेऊन राम घाटावर गेले, कारण गर्दीत तिथे नेटवर्कचा जीव गुदमरतो. पान तीन सेकंदांत उघडायला हवं. घड्याळ घरी राहिलं होतं आणि फोनवर सेकंद दिसत नाहीत, म्हणून शाळेतली युक्ती केली. सिस्टर अंडी उकडताना 'अवर फादर' ही प्रार्थना म्हणत वेळ मोजायच्या, आठवतं? (आपल्याला अंड्याला हात लावायची बंदी, मोजणी मात्र पाठ झाली.) फोन उंच धरून मी मोठ्याने सुरू केलं. शेजारचे पंडितजी तर्पण सांगता सांगता थांबले. "माताजी, ये कौन सी शाखा का मंत्र है?" मी म्हटलं, "भैया, कॉन्व्हेंट शाखा." तोवर त्यांच्या यजमानांनीही विधी समजून हात वर केले होते. 'आमेन' झालं तरी पान आलं नाही.

मग चिडून नेटच बंद केलं, तर चटकन उघडलं! आदल्या दिवशी घरी पाहिलेली पानं त्याने स्वतःजवळ जपून ठेवली होती. सभासदांची यादी पाहिली, तर तू होतीस. अलका डोंगरे, माधव नगर, हळदीकुंकू समिती. कितीतरी वेळ पायरीवर बसून पाहत राहिले.

संध्याकाळी श्रुतीचा फोन आला. तुझा पुण्याचा पत्ता तिने त्याच दिवशी भरला. नेट लावलं की नवी यादी आपोआप येते, एवढीच चाचणी आता उरली आहे. करीन सावकाश. घाई कसली?

तुझी,
विजू

ता. क. व्हॉट्सॲप असताना पत्र का, असं विचारशील. आठ दिवस नेट बंदच ठेवलंय. लावलं की तू माधव नगर सोडून जातेस.

आणखी एक. श्रुतीला एक दोष कळव. पत्त्याच्या रकान्यात एकच पत्ता मावतो. दोन मावायला हवेत. दुसरा माझ्या घरचा घाल, निदान थंडीपुरता. मागची खोली रिकामी केली आहे, खाट बुटकी आहे, जिना नाही. तू (साध्या फोनवर) हो म्हणालीस की लगेच नेट लावते. तोवर तिला सांग, मावशी अजून मोजते आहे.