बाबांची मिशी आणि सूर्याचं कंकण

प्रिय आत्या,

बेकरीच्या काउंटरमागून तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकले आहे, काउंटर बुटका आहे आणि पत्र बाबांपासून लपवायचं आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला? तू म्हणशील, एवढी वर्षं हिला माझे गुडघे आठवले नाहीत, मग आजच कसे आठवले? आठवले बाई. जिने चढता-उतरता दुखत नाहीत ना? अगदी गच्चीपर्यंत वगैरे? सहज विचारलं.

आमच्याकडे सगळं ठीक आहे, बाबा सोडून. आजारी नाहीत. आजारी असते तर परवडलं असतं, निदान पडून राहिले असते. त्याचं असं झालंय की पुढच्या महिन्यात सूर्यग्रहण आहे, कंकणाकृती, आणि ते आपल्याच भट्टीतून भाजून निघणार असल्यासारखे बाबा वागताहेत. गिऱ्हाईक पाव मागतं, बाबा त्याला चंद्र देतात. चंद्र पृथ्वीभोवती फिरतो तो रस्ता नीट गोल नाही, थोडा चेपलेला आहे (इथे बाबा ट्रेमधलं एखादं बिघडलेलं बिस्किट दाखवतात, आणि त्याचेही पैसे लावतात), म्हणून तो कधी जवळ असतो, कधी लांब. लांब असताना सूर्यासमोर आला की पुरता झाकू शकत नाही. भोवती झगझगीत कडं उरतं. तेच कंकण. मग दर अमावास्येला ग्रहण का नाही, असं कुणी विचारलंच, तर चंद्राचा रस्ता जरा तिरका आहे, त्यामुळे बहुतेक वेळा त्याची सावली पृथ्वीच्या वरून नाही तर खालून निघून जाते, हे ऐकेपर्यंत त्या माणसाला पाव मिळत नाही. आता विचारत कुणीच नाही. बाबा स्वतःच विचारतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण गेल्या रविवारी सकाळी, ऐन गर्दीत, बाबांनी प्रात्यक्षिक ठेवलं. भिंतीवर सगळ्यात मोठा गोल ट्रे घासूनपुसून टांगला, तो सूर्य. हातात बनपाव, तो चंद्र. गिऱ्हाइकं म्हणजे पृथ्वी. त्यांनी ओळीत उभं राहून एकेक डोळा मिटायचा. (खऱ्या ग्रहणाला असं उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, कंकण दिसत असतानासुद्धा नाही, ग्रहणाचा खास चष्मा हवा, हे बाबांनी दहादा बजावलं. तेवढं मात्र ते चोख सांगतात.) पाव जवळ धरला तेव्हा ट्रे पुरता झाकला गेला. मग 'चंद्र आता लांब चाललाय बरं का' असं म्हणत बाबा मागे मागे जाऊ लागले, आणि आत्या, खरंच सांगते, मधोमध उभ्या असलेल्या शिंपीणबाईंना कंकण दिसलं! त्या 'अगंबाई' म्हणून ओरडल्या. त्या कौतुकाने बाबा आणखी एक पाऊल मागे गेले. मागे स्टुलावर बँकेच्या मॅनेजरीणबाईंच्या नातीचा वाढदिवसाचा केक होता. ट्रेला कंकणाकृती लागलं, केकला खग्रास.

लोकांचा एक डोळा मिटलेला होता, पण दुसऱ्याने सगळ्यांना स्वच्छ दिसलं.

तरीही निभावलं असतं. पण दाराशी, ओळीच्या अगदी कडेला समोरचे औषधवाले काका उभे होते. ते म्हणाले, "मला काही कंकण दिसलं नाही हो. पाव ट्रेच्या कडेला चिकटल्यासारखा दिसत होता."

"मध्ये उभं राहायला हवं," बाबा केकमध्ये बसल्या बसल्या म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. आपलं गावही मध्ये नाहीये. कंकणाचा पट्टा अरुंद असतो, तो आपल्या दक्षिणेकडून जातोय. इथून सूर्य नुसता उंदराने कुरतडल्यासारखा दिसेल."

खरं होतं ते. मी नकाशा पाहिला होता. आईनेही पाहिला होता. बाबांनी पाहिला नव्हता. पण इतक्या माणसांपुढे, तेही पाठीला क्रीम लागलेलं असताना, मागे सरणाऱ्यातला तुझा भाऊ आहे का? ते उठले, मिशीला पीळ दिला (बोटाचं क्रीम मिशीला लागलं) आणि गरजले, "आमच्या घरच्या गच्चीवरून मी सगळ्यांना कंकण दाखवीन. नाही दाखवलं तर ही मिशी उतरवीन!"

"वस्तरा माझ्या दुकानातून न्या," औषधवाले काका म्हणाले. "नवा देतो."

त्या दिवसापासून बाबा नकाशाला टाचणी लावून बसलेत. जेवत नाहीत म्हणणार होते, पण जेवतात. मात्र मधूनच हात मिशीकडे जातो आणि तिथेच थांबतो. काल आरशासमोर मिशी झाकून बघायला ओठावर पोळीचा तुकडा... नको, ते सांगत नाही. हसू येतं आणि मग वाईट वाटतं. तुमचं दोघांचं बोलणं बंद आहे, मला माहीत आहे. तुझा केक चाखून 'यात सिमेंट कुठल्या कंपनीचं?' असं त्यांनी विचारायला नको होतं. पण तू तरी त्यांच्या बोटावर लाटणं मारायला नको होतंस, बेकरीवाल्याचं बोट ते.

आतोबांना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. : आत्या, आपल्या घरावर पत्रे आहेत, गच्ची नाहीच. तेव्हा बाबा 'आमच्या घरची गच्ची' म्हणाले ती कुठली? सख्ख्या बहिणीचं घर ते आपलंच घर, आणि तुझं घर पट्ट्याच्या मधोमध येतं. आम्ही, शिंपीणबाई, औषधवाले काका आणि बाकी ओळ, सगळे मिळून एक बसभर आहोत. खाणं आम्ही आणू. तू फक्त जिन्याचं दार उघडं ठेव.

आणखी एक ता. क. : वन्सं, मी तुमची वहिनी. पोरीने पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली चार ओळी लिहिते. तुम्ही 'घर पाहुण्यांनी भरलंय, जमणार नाही' असं कळवा. लग्न झाल्यापासून त्या मिशीखाली काय आहे ते मी पाहिलेलं नाही, एकदा पाहू दे. कंकण तुम्ही निवांत बघून घ्या आणि दुसऱ्या दिवशी इकडे या. परक्याच्या हाताने ते मिशी उतरवून घेणार नाहीत, थोरल्या बहिणीपुढे मात्र मुकाट बसतील. वस्तरा मी आणून ठेवला आहे.